लहान मापाचे हातमोजे

नातीच्या बाळाला पावडर लावताना तो वास आला आणि मी पिंपरीच्या आमच्या छोट्या दवाखान्यात जाऊन पोचले. पंचावन्न-छप्पन साल असेल. ऑपरेशनचे रबरी हातमोजे तेव्हा धुवून, वाळवून, पावडर लावून पुन्हा वापरायचे. सगळे पुरुषी मापाचे. मी सर्जरी शिकलेली, पण "मोजे सैल होतात तुम्हाला, टाका निसटेल," म्हणत मोठे डॉक्टर मला बाळंतपणांकडेच पाठवत.

एकदा चुकून लहान मापाचा एक जोड आला. सिस्टरनं तो माझ्यासाठी उकळून ठेवला.

त्याच दुपारी पोटात पू झालेला हमाल आला. त्याची बायको दारात म्हणाली, "बाई, तुमी हाय ना आत?"

"आहे," मी म्हणाले.

मोजे अगदी चपखल बसले. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. "अरे वा, नवे! काढा. पू वाहून जायला जखमेत ठेवायच्या पट्ट्या होतील यांच्या. एरवी हे होणार कुणाला?"

कात्री त्यांनी माझ्याच हातात दिली. मी एकेक बोट कापून दिलं.

त्या माणसाच्या पोटात माझ्या मोज्यांची बोटं गेली. माझी कधीच गेली नाहीत, पुढे कुणाच्याही.