पाहिलं की ऐकलं

बाळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी पंधरा वर्षं अंगणवाडी चालवली. काही अडलं की लोक आधी मला विचारत. धाकटी जाऊ अमरावतीहून लग्न होऊन आली, त्याला दोनच वर्षं झाली होती.

त्या श्रावणात नदी चढली. सकाळी मोबाइलवर मेसेज आला, वरचं धरण फुटलं. शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. "ट्रॅक्टर काढा, पुलावरून बाळापूरले चला," मी म्हणाले. माणसं उठलीसुद्धा.

तेवढ्यात जाऊ म्हणाली, "धरण फुटलेलं कोनं पाह्यलं? का नुसतं आयकलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. मेसेज चौघांना आला होता, पण पाठवणारा एकच, आणि त्याला तो अकोल्याच्या साळ्यानं धाडलेला. जावेनं खडूनं फळ्याचे दोन भाग केले, एकीकडे पाहिलेलं, एकीकडे ऐकलेलं. भाजीवाल्या काकूंची बहीण धरणाजवळ राहायची, तिला फोन लावला. दोघांना लांबूनच पूल पाहून यायला पाठवलं. लोक तिचं मुकाट ऐकत होते. माझ्या अंगणवाडीतली सगळी पोरं तिथं होती, आणि मला मनातून वाटत होतं, ही चुकावी.

ती चुकली नाही. धरण शाबूत होतं, फक्त दारं उघडली होती, आणि पाणी अजून वाढणार होतं. पूल तर पाण्याखाली गेला होता, कठडेही दिसत नव्हते. मग सगळे उंचावरच्या, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये गेलो. दुपारी खालच्या आळीत पाणी शिरलं तेव्हा तिथं एकही माणूस नव्हतं.

शेडमध्ये सरपंचांनी तिला विचारलं, "आता काय करायचं, बेटा?" मी शेजारीच उभी होते.

ती माझ्याकडे वळली. "ताई, पोरं सगळी हायेत नं?"

"हायेत."

"तुमी सोता मोजली?"

माझं तोंड कडू झालं. "मंग काय," मी म्हणाले. खरं तर दोन पोरं मी त्यांच्या आयांच्या शब्दावर धरली होती. ती पलीकडे गेल्यावर मी गुपचूप पुन्हा मोजायला लागले. ती दोघं कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांमागे झोपलेली सापडली. तिथंच भिंतीला टेकून मी खाली बसले.

जावेला हे मी अजूनही सांगितलेलं नाही.