सुकवारोबाईची मितानी

विड्यांचा एक कट्टा बांधून झाला की सुकवारोबाई तो दोन बोटांत धरून त्याच्याशी बोलायची. “जाय वो बाई, लढाईवर जाय. शिपायाच्या तोंडात जाय. मुकादमाच्या खिशात नोको जाऊ.” मग तो सुपात टाकायची आणि पुढचं पान उचलायची. लढाईचे दिवस होते आणि आमच्या गोंदियाच्या कारखान्यातल्या विड्या पेट्या भरभरून पलटणींकडे जात. मुकादम चांगल्या विड्याही छाट म्हणून बाजूला काढतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर बोलायची एकटी सुकवारोबाई, आणि तीही विडीशी बोलल्यासारखं. मुकादम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

मी त्या कारखान्यात इंग्रजी पत्रं लिहायला होते. वडील रेल्वेत कारकून. माझी शाळा नागपूरला, नन्सची. मराठी मी घरी बोलले तेवढंच. मला कचेरीमागची लहान खोली दिली होती. तिच्या खिडकीला बांबूच्या काड्यांची चिक होती. चिकेतून मला बायका बसायच्या ती लांब ओसरी दिसे. ओसरीतून मी कुणाला दिसत नसे. मला ते फार सोयीचं होतं. महिना झाला तरी मी एकीशीही बोलले नव्हते. एक दिवस चिक बाहेरून वर झाली आणि पानतंबाखूने रंगलेले दात दिसले.

“अंदर कोन आहे वो? मानूस आहे का नुसते कागद?”

“मी... पत्रं लिहिते,” मी म्हटलं.

“बोलता येते त बोलत जाय पोरी. तोंडाले जंग लागन.” चिक खाली पडली. बाहेर बायका हसल्या. मलाही हसू आलं, पण ते कुणाला दिसलं नाही.

ती सालेकशाच्याही पलीकडची, जंगलातली. बोलताना आमच्या झाडीच्या बोलीत छत्तीसगढी मिसळायची. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारो. नवरा रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायचा, दोन मुली होत्या, मुर्रीच्या रस्त्याला झोपडी होती. तिच्या हातचं पाणी ओसरीतल्या बहुतेक बायका घेत नसत. त्याचं तिला वाईट वाटत असेलच, पण ती ते थट्टेवारी न्यायची. कुणी पाणी पिताना लोटा तिच्यापासून दूर सरकवला की म्हणायची, “सरकव, सरकव. तुयं पानी माया अंगावर उडालं त मले आंग धुवा लागन.”

ओसरीच्या मागच्या भिंतीला एक आडवा बांबू टांगलेला होता. त्यावर बायका आपापल्या शिदोऱ्या अडकवत. प्रत्येकीची जागा ठरलेली, एकीचं फडकं दुसरीच्या फडक्याला लागू नये इतकं मधे अंतर. सुकवारोबाईचं गाठोडं अगदी टोकाला, दाराशी. बांबू कुणी वाटून दिला नव्हता, पण चुकूनही कुणाचं गाठोडं सरकत नसे.

त्या वर्षी धान्य मिळेना. शिदोऱ्या लहान झाल्या, आणि त्याच सुमारास त्या उघडल्या जाऊ लागल्या. दुपारी बायका पानं भिजवायला विहिरीवर जात. परत येऊन पाहावं तर भात अर्धा. आधी सुकवारोबाईचा गेला. ती काही बोलली नाही. मग तिच्या शेजारी टांगलेला जनाबाईचा गेला, आणि जनाबाईने कारखाना डोक्यावर घेतला.

“माया डबा का धरमशाळा आहे? कोनं खाल्लं थे सांगा! नाईतर उद्या भातात जमालगोटाच कालवून आनतो. मंग समजन कोन धावते थे!”

बायकांना ही युक्ती पसंत पडली. सुकवारोबाई तेवढी विडी वळत खाली मान घालून म्हणाली, “भुकेल्या पोटाले जुलाब देतेस वो जना? थे मेली त कोनाच्या डोक्यावर बसन?”

“तुले कायचा पुळका? तुयंच त जास्त जाऊन रायलं!”

“मायं जाऊन रायलं म्हनून त बोलून रायलो.” मग तिने आपलं गाठोडं सगळ्यांपुढे धरलं. “हे गाठ पाहा. अर्धं खाल्लं, अर्धं ठेवलं, फडकं झटकून पुन्हा बांधलं. चोट्टी अशी गाठ बांधते का? हे घरवाली बाई आहे. लाजून खाऊन रायली.”

त्यानंतर तीन दिवसांनी मी तिला पाहिलं, त्या बाईला. ओसरी रिकामी होती. देवकाबाई विहिरीवरून एकटीच मागे आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि दाराशी उभी राहून सुकवारोबाईच्या गंजातला, म्हणजे पातेल्यातला, भात सुकटीच्या कोरड्यासासकट भराभर खाऊ लागली.  देवकाबाई मुर्रीची, मोठ्या शेतकरी घरातली विधवा. गावचा तलाव तिच्या आजेसासऱ्याने बांधलेला. ती ओसरीत सर्वांत आत बसायची, सुकवारोबाईची सावली ओलांडतानाही लुगडं सावरायची. आणि तीच आता सुकवारोबाईचं फडकं उकलून खात होती.

शाळेत आम्हाला एकच शिकवलं होतं: पाहिलं असेल तर सांगायचं. संध्याकाळी मुकादम पत्रं न्यायला आला तेव्हा मी सांगितलं, “शिदोरीतलं कोण खातं ते मी पाहिलंय.” नाव सांगायच्या आतच माझा धीर सुटला. पण त्याला तेवढं पुरे होतं. जाता जाता त्याने ओसरीत ओरडून सांगितलं, “सुन लो! कल दोपहर मिसबाई खुद बताएगी चोर कौन है. उसी वक्त कारखाने से बाहर!”

बायका घरी निघाल्या. चिक वर झाली. या वेळी सुकवारोबाई हसत नव्हती.

“तू देवकाले पायलंस न?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पैल्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाही? चोरी ती चोरीच ना.”

ती खिडकीच्या चौकटीला टेकली. “तू सारं पायतेस इथून. तिच्या डब्यात काय रायते, थे पायलंस का कधी?”

मी आठवून पाहिलं. देवकाबाई रोज भिंतीकडे तोंड करून जेवायची. डबा मोठा होता. आत काय असतं ते मला ठाऊक नव्हतं.

“पानी अन् मीठ,” ती म्हणाली. “मजुरी दीर घेते, अन् घरी जे मिळते थे आपल्या पोरीले चारते. उद्या तू नाव घेशीन, मुकादम तिले हाकलीन. थे जाऊ दे. पन तिनं माया हातचा भात खाल्ला, हे तिच्या घरी समजलं त? दीर पोरीसकट बाहेर काढीन. जातीवाले दारात उभं नाई करनार. मंग थे काय करन, सांग. तलाव त घरचाच आहे.”

देवकाबाई तलाव जवळ करील, हा तिच्या बोलण्याचा अर्थ मला कळला. “मी काय करू?” मी विचारलं.

“मी तुले खोटं बोल नाई म्हनत. उद्या मी काय करतो थे पाहा. मंग तुले वाटन थे सांग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाने मला ओसरीत बोलावलं. चाळीस बायका हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. देवकाबाईचा चेहरा तिच्या लुगड्याइतकाच पांढरा पडला होता. मुकादम म्हणाला, “हां, मिसबाई, बोलिए.”

“थांब मुकादम,” सुकवारोबाई उठली. “आदी मायं काम होऊ दे.”

तिने सुपातलं एक मोठं, कोवळं तेंदूपान उचललं आणि कधी गेली नव्हती तिथे, ओसरीच्या आतल्या टोकाला, गेली. देवकाबाईच्या पुढ्यात पान धरून ती उभी राहिली.

“आमच्या मुलकात मितानी बांधतेत,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. हे बऱ्याच जणींना ठाऊक होतं. छत्तीसगढाकडे दोघी जणी तुळशीचं पान किंवा गंगेचं पाणी एकमेकींच्या हातावर ठेवतात आणि जन्माच्या सोयऱ्या होतात. जात विचारत नाहीत. त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही; जे हातावर ठेवलं त्याच नावाने हाक मारायची. “आमी दोघी मनात कधीच्या मितानी झालो. आज चारचौघीत होतो. तुळस इथं कुठून आनू? म्हनून हे तेंदूपान. मी माया मितानीसाठी रोज लाया-गूड आनून ठेवतो गाठोड्यात. अन् मितानी थे घेते. आता सांग मुकादम, मितानीच्या गाठोड्यात हात घातला त चोरी होते का?”

लाह्या-गूळ कोरडा. कोरड्याला विटाळ नसतो. तिने किती विचार करून तो शब्द निवडला होता, ते मला उशिरा उमगलं.

“अन् माया डब्यातलं?” जनाबाई उसळली.

“तुयं गाठोडं मायाजवरच टांगलं रायते. चुकून उघडलं असन. भरपाई म्हनून चार दिवस माया वाट्याचा भात खाय. आनू का? खातेस माया हातचं?”

जनाबाईने पुढची विडी वळायला घेतली. ओसरीत खसखस पिकली आणि भाताचं मग कुणी काढलं नाही.

पण रीत अजून अर्धीच झाली होती. पान दोघींनी द्यावं लागतं. सुकवारोबाईचा हात तसाच पुढे होता. देवकाबाई त्या पानाकडे बघत होती. ते घेतलं तर चाळीस जणींसमोर ती या बाईची सोयरी होणार होती, आणि हे मुर्रीला संध्याकाळच्या आत पोचणार होतं. मितानीला कुणी पाप म्हणत नाही, पण नाक मुरडल्याशिवाय राहतही नाही. तिने पान घेतलं. मग वाकून आपल्या सुपातलं एक पान उचलून तिने ते सुकवारोबाईच्या हातावर ठेवलं. बोटं बोटांना लागली. तिने ती मागे घेतली नाहीत.

मुकादमाला हे सगळं पटलं नव्हतं. तो माझ्याकडे वळला. “मिसबाई, आपने क्या देखा? क्या खा रही थी?”

मी जन्मात इतक्या माणसांसमोर बोलले नव्हते. सुकवारोबाई माझ्याकडे बघतही नव्हती. ती पान निरखत होती.

“लाह्या,” मी म्हटलं. “लाह्या आणि गूळ.”

“तो कल चोर-चोर काहे को किया?”

“मला ही रीत माहीत नव्हती.”

तो पुटपुटत निघून गेला. सुकवारोबाईने माझे आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी चिकेपाशी येऊन इतकंच म्हणाली, “तोंडाचा जंग गेला वाटते.”

तिला मी देवमाणूस ठरवू नये, म्हणून मितानी बांधली त्याच दिवशी संध्याकाळी कानावर पडलेलं सांगते. पानांच्या गोदामामागे ती देवकाबाईला झापत होती. “आयक, तेंदूपान. भूक लागली त तोंडानं सांगायचं. आता चोरून खाल्लंस त मीच हात मोडीन तुया. तू खाल्लं त्या दिवशी मी घरी जाऊन पोरीच्या वाट्यातलं खाल्लं. मायी धाकटी रडून झोपली, समजलं?” देवकाबाईला हुंदका आवरेना. “आता रडून कोनाचं पोट भरते? चाल, पानं वाळून रायली.”

दुसऱ्या दिवसापासून सुकवारोबाईच्या गाठोड्यात खरोखरच लाह्या-गुळाची पुडी येऊ लागली. खोटं बोलल्यावर ते खरं करायची जबाबदारी तिने आपल्यावरच घेतली. बायका चिडवायच्या, “तेंदूपान, तुयी तेंदूपान बलावते वो!” दोघी ओ देत. पुढे जनाबाई कधीमधी डाळीचा वडा आणायची आणि हातात न देता बांबूच्या टोकाशी ठेवून म्हणायची, “जास्तीचा झाला.” शिदोऱ्या पुन्हा कधी उघडल्या गेल्या नाहीत.

पुढल्या वर्षी धान कापणीला आलं तेव्हा तापाची साथ आली. सुकवारोबाई तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी तिचा नवरा येऊन ती गेल्याचं मुकादमाला सांगून गेला. ओसरीत कुणाचीच पानं कापायची कैची चालेना.

जनाबाईने मला वाट दाखवली, पण वस्तीच्या कोपऱ्यावर ती थांबली. मी एकटी आत गेले. मला कुणाच्या मयताला जायची सवय नव्हती; काय बोलतात ते मला माहीत नव्हतं. दोन्ही मुली दारात बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, सोयरे बाहेरून रांधून आणतात. पण यांचे सोयरे दोन दिवसांच्या वाटेवर, जंगलात होते.

तेवढ्यात गल्लीतून देवकाबाई आली. डोक्यावर मोठा झाकलेला गंज, भर उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी. मागे दहा पावलांवर तिचा दीर होता. “वहिनी, मागं फिर. सांगून रायलो, घरात नाई घेनार!” ती फिरली नाही. शेजारची एक म्हातारी नवलाने म्हणाली, “तुमी काऊन आल्या वो पाटलीनबाई?”

“मायी तेंदूपान गेली,” देवकाबाई म्हणाली.

तिने गंज खाली ठेवला, पळसाची पानं मांडली, भात आणि लाखोळीची डाळ वाढली. थोरली खाईना. मयतानंतर सोयऱ्याने भरवायचा तो कडू घास देवकाबाईने आधी तिच्या तोंडात दिला, मग धाकटीच्या. मग धाकटीच्याच पानावर उरलेला भात कालवून ती स्वतः जेवायला बसली, दाराकडे तोंड करून.