एंग्रासिया गोलात उभी राहते

हॅन्डबॉल खेळणाऱ्या पोरी चेंडू निसटू नये म्हणून बोटांना राळ लावतात. ती राळ सांभाळणं आणि संघाची बस चालवणं, ही माझी दोन कामं. लुआंडाच्या भर उन्हात मी डबा हॉलबाहेरच्या बाकावर उघडा ठेवला. राळ पातळ होऊन फळीभर पसरली आणि नेमकी आमची गोलकीपर एंग्रासिया तिच्यावर येऊन बसली. अंतिम सामन्याला पंधरा मिनिटं होती. ती उठली, तिच्या पॅन्टचा मागचा भाग उठला नाही.

"झेफेरिनो, मेल्या, काढ तुझी!"

आडोशाला जाऊन मी माझी काळी पॅन्ट तिला दिली. तिच्या मावशीनं खांद्यावरचं फुलाफुलांचं कापड माझ्या कमरेला गुंडाळलं. "शोभतंय हो वहिनी!" बायका ओरडल्या.

मला मात्र हसू येईना. एंग्रासिया अडतीस वर्षांची. कोचनं सांगूनच टाकलं होतं, "आज हरलो तर पुढच्या वर्षी गोलात दुसरी." दुसरी म्हणजे एकोणीस वर्षांची राखीव कीपर.

सांबिझांगाच्या गरीब वस्तीत मासे तळून विकणाऱ्या बाईची ही लेक. तेराव्या वर्षी खेळायला आली. चेंडू धड फेकता येईना, म्हणून गोलात उभी केली. चेंडू आला की इतर पोरी तोंड फिरवायच्या, ही पुढं करायची. त्यात दोन दात गेले आणि नऊ अजिंक्यपदं आली. मध्यंतरात लेकराला पाजून ती उरलेला सामना खेळलेली मी पाहिलीय.

शेवटच्या क्षणी आम्ही एका गोलानं पुढं होतो, आणि समोरच्यांना सात मीटरवरून पेनल्टी फेक मिळाली. फेकणारी म्हणाली, "आजी, सरका बाजूला."

"फेक गं नातबाई. बघू तुझा हात."

चेंडू डाव्या खालच्या कोपऱ्यात गेला. एंग्रासियाचा पाय तिथं आधीच पोचला होता.

हॉल नाचत होता. कोच येऊन पुटपुटला, "ताई, पुढच्या वर्षी तुम्हीच." मला वाटलं, आपणही शहाणपणाचं काहीतरी बोलावं. म्हटलं, "एंग्रासिया, आता मानानं थांब. लोक जन्मभर आठवण काढतील."

गुडघ्यावर बर्फ धरून ती म्हणाली, "आठवण मेलेल्यांची काढतात, उद्या सरावाला बस वेळेवर आण."