वेल्डिंग केलेली दारं

टिळकवाडीच्या आमच्या शेडमध्ये जपून ठेवलेल्या शर्यतीच्या मोटारीवरचं कापड काढलं, की पेट्रोलच्या वासानं निपाणीजवळचं ते धुळीचं मैदान आठवतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं, आमचं नवीनच लग्न झालेलं. शेवटच्या फेरीत नवऱ्याची मोटार उलटली. शर्यतीसाठी तिची दारं वेल्डिंग करून कायमची बंद केलेली. आत-बाहेर करायचं ते खिडकीतूनच, आणि ती खिडकी आता जमिनीत रुतली होती. पेट्रोल ठिबकत होतं. मी पालथी पडून नखांनी माती उकरू लागले. आतून ते ओरडले, "लांब हो गं, पेटंल गाडी!" "न्हाय जात!" म्हणत मी नुसत्या बघत उभ्या असलेल्या गर्दीवर किंचाळले, "अण्णा, आप्पा, कुणीतरी हात लावा की!" आधी गर्दीतल्या, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका धावल्या, मग पुरुष आले, आणि सगळ्यांनी रेटून मोटार कुशीवर केली. रक्तानं माखलेले ते खिडकीतून बाहेर आले आणि त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "इंजिन वाचलं काय गं?" मी त्यांच्या थोबाडीत मारली आणि गळ्यात पडून रडले. आज लोक मोटारीपाशी फोटो काढतात, तिच्या शर्यतींबद्दल विचारतात. नवरा गेल्यापासून त्या शर्यतींच्या गोष्टी मीच सांगते, एकही फेरी न विसरता.