तेवढं काही उरलं नाही

फरशीवाल्या मिस्त्रींचा एक सिद्धान्त होता: फरशी घरमालकाची, उरलेली फरशी मिस्त्रीची. हे कुठल्या कायद्यात लिहिलंय असं विचारायची सोय नव्हती, कारण काही उरलंय हेच मालकाला कळत नसे. माप घेताना मिस्त्री कपाळाला आठ्या घालत, भिंती तिरक्या असल्याचं दुःख करत आणि म्हणत, "थोडी जास्तच आणा. कापताना तुटते. पुढे कमी पडली, तर तोच रंग पुन्हा मिळत नाही." शब्दन् शब्द खरा, फक्त मिस्त्रींच्या हातून फरशी सहसा तुटत नसे. शेवटी मालकीणबाई बिचकत विचारत, "काही उरलं का हो?" मिस्त्री हात झटकत. "कुठलं काय, ताई! तेवढं काही उरलं नाही." तोवर पेट्या टेम्पोत चढलेल्या असत.

या पुण्याईवर मिस्त्रींचं स्वतःचं घर सजलं होतं. बाहेरच्या खोलीत दवाखान्याची पांढरी, मधे वकिलांच्या जिन्याची करडी, मोरीत कुणाच्या तरी गच्चीची खडबडीत लाल. बायको ओट्यापाशी उभी राहिली की तिचा एक पाय शाळेच्या ऑफिसात असे आणि दुसरा शिंप्याच्या दुकानात. पाहुणे आले की मिस्त्री प्रत्येक तुकड्याचं कूळ अभिमानाने सांगत. बायकोचं संसारभर एकच मागणं होतं: एका रंगाची जमीन, आणि तीही दुकानातून आणलेली. मिस्त्री ते एका कानाने ऐकत. दुसरा कान कशासाठी असतो ते सांगायला नको.

मग गुडघे गेले आणि मिस्त्री घरी बसले. दिवसभर ती गोधडी नजरेसमोर राहू लागली, तेव्हा बायकोचं म्हणणं त्यांना पहिल्यांदा समजलं. ते बायकोला दुकानात घेऊन गेले. तिथे तिने चपला काढल्या, फिकट निळ्या फरशीवर दोन्ही पाय ठेवून ती उभी राहिली आणि म्हणाली, "हीच."

"थोडी जास्त न्या, हा शेवटचा माल आहे," दुकानदार म्हणाला.

मिस्त्री गालात हसले. हे तो त्यांना सांगत होता! फरशी बसवणार होता त्यांचा भाचा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. म्हणजे सिद्धान्तासकट तयार झालेला, असं त्यांनी गृहीत धरलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्यांनी अगदी मोजून मापून माल घेतला. उरणारच नाही, तर नेणार काय?

"मामा, थोडी जास्त हवी होती," भाचा पेट्या बघून म्हणाला.

"का रे? तुझी मोरी राहिलीय वाटतं?"

भाच्याचा चेहरा उतरला. "उरलेली मी मालकाच्या घरी ठेवून येतो, मामा. पुढे त्यांनाच लागते."

मिस्त्रींनी ही थाप मानली आणि खुर्ची टाकून राखणीला बसले. पण त्यांच्या घराच्या भिंती खरंच तिरक्या निघाल्या. जन्मभर लोकांना सांगितलेलं खोटं त्यांच्याच घरी येऊन खरं झालं. कापाकापी वाढली, दोन फरश्या तुटल्या. येणाऱ्याला दिसेल ती बाजू आधी करायची, ही मामांचीच शिकवण. म्हणून फरशी संपली ती नेमकी ओट्यापुढे, बायको उभी राहते तिथे. भाच्याने दुकानात फोन लावला. माल संपला होता.

मिस्त्री लंगडत मागच्या पडवीत गेले आणि साठ्यातली एक फरशी पुसत घेऊन आले. "जवळपास हाच रंग आहे. कळणारसुद्धा नाही."

बायकोने ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि दाराबाहेर ठेवून आली. "लोकांच्या फरशीवर पुष्कळ उभी राहिले. तिथे नुसतं सिमेंट राहू दे."

"अगं, पण..."

"लोकांच्या घरी भरपूर मागवलंत. हात आखडलात तो माझ्याच पायाखाली."

मिस्त्रींना लाज वाटली. खरीखुरी, कान गरम करणारी. भाच्याने खाली बघत सिमेंट सारखं केलं.

पुढे शेजारीण नवी जमीन बघायला आली. "किती छान गं! पण इथेच का राहिलं?"

मिस्त्री खिडकीबाहेर बघू लागले. बायकोने ओट्यापुढचा करडा चौकोन फडक्याने पुसला आणि हात झटकून म्हणाली, "कुठलं काय, ताई! तेवढं काही उरलं नाही."