निम्मा डोस

अन्वरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगणाऱ्यालाच दोनदा विचारलं, "नक्की आपलेच ना? महाडचे, जनावरांचे?" संशय घेणं ही माझी जुनी खोड. आपलेच होते... महिना होत आला त्याला.

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावरही ते मोटरसायकलवरून पोलादपूरच्या वाड्यांवर शेळ्यांना औषध पाजत फिरायचे. आमची दोस्ती जुनी, तरी त्यांच्या प्रत्येक बाटलीवरची तारीख मी चष्मा लावून वाचायचो आणि ते हसायचे. चार वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता माझ्या पाचही शेळ्या खंगल्या, जबड्याखाली सूज आली. अन्वरभाईंनी पापण्या उलटून पाहिल्या आणि जंताचं औषध निम्मंच पाजलं. म्हणाले, "पाणथळीत चरल्यात या. जंतांनी काळीज, म्हंजी लिव्हर, पोखरलंय. औषध पचवायचं काम काळजाचं, आन् तेच आजारी हाय. पुरा डोस दिला तर अंगात साचंल. पंधरा दिवसांनी येतो, तवर दुसरं कायच पाजू नको रे."

मला वाटलं, उरलेलं निम्मं हा दुसऱ्या वाडीवर खपवणार. त्यांची पाठ वळताच मी पोलादपूरहून तेच औषध आणलं आणि शेळ्यांना भरपूर पाजलं. तीन मेल्या.

ते धावत आले. एक शेळी फाडून काळीज दाखवलं. दगडासारखं कडक, आत पानासारखे चपटे जंत. "दुसरं काय पाजलंस?" "कायच नाय," मी म्हणालो. वर वाडीभर सांगत सुटलो की यांचंच औषध बाधलं. मग त्यांना आमच्याकडे कुणी बोलावेना. ते कुणाशी भांडले नाहीत, त्यातही मला काळंबेरं दिसलं. खरा असता तर भांडला असता, असं मी म्हणायचो. आज लाज वाटते.

परवा भाभींना भेटायला महाडला गेलो. खुंटीवर त्यांची औषधांची पिशवी तशीच टांगलेली होती. तिच्याकडे बघता बघता मी सगळं सांगून टाकलं.

"त्यांना ठाऊक होतं," भाभी शांतपणे म्हणाल्या. "रिकामी बाटली गोठ्यात दिसली होती त्यांना. मी बोलले, लोकांना सांगा ना. तर बोलले, त्याच्या शेळ्या गेल्या, आता इज्जत पण घालवू काय?"

पेपरची ही पुरवणी आमच्या वाडीत दुपारच्या एसटीनं येते. म्हणून इथेच लिहितो. अन्वरभाईंचा डोस बरोबर होता. शेळ्या मी मारल्या.