शिंपल्यांना नावडता रंग

रंगाचा ड्रम महिनाभर हलवला नाही की तळाला गाळ बसतो. वरून बघितलं तर काही दिसत नाही. काठी घालून एकदा ढवळलं की सगळं वर! आमच्या कारखान्यातले किस्से तसेच. कोणी सहज विचारतं, "काय रे, त्या रिसर्चवाल्या बाईंचं काय झालं पुढे?" झाली काठी घालून. मग समोरच्याचा चहा गार होतो, माझा नाही. मी सांगता सांगता पितो.

आधी कारखाना सांगतो. उमेळ्याला केळीच्या वाडीच्या टोकाला पत्र्याची एक शेड. मालक इनासकाका. आम्ही होड्यांच्या बुडाला लावायचा तांबडा रंग बनवायचो. मी सुपरवायझर. सुपरवाइज करायला रंग दळणारी एक बॉल मिल होती, आणि ती माझ्यापेक्षा शहाणी होती. गप फिरायची.

या रंगाचं काम एकच. होडी पाण्यात राहिली की बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटतं, होडी जड होते, डिझेल जास्त खाते. रंग लावला की चिकटायला नको. आमचा रंग लावला की जास्त चिकटायचं!

पाचूबंदरचा रॉकी तांडेल, स्वतःची होडी हाकणारा, तो तर इनासकाकांना तोंडावर म्हणाला, "काका, तुमचा रंग शिंपल्यांना लय आवडतो. लांबलांबून येतात."

ऑर्डरी बंद पडायला लागल्या. वाडी दोघा भावांची. थोरले बस्त्यावकाका म्हणाले, "इनास, बिल्डर माझ्या दारात बसलाय. पावसाळ्याआधी होड्या वर ओढतील, तोवर तुझा रंग चालला तर चालला. नाही तर शेड पाडायची."

इनासकाकांनी शब्द दिला. शब्द त्यांनी दिला, पण नोकऱ्या आमच्या सगळ्यांच्या होत्या!

* * *

म्हणून इनासकाकांनी अंधेरीच्या एका रिसर्च कंपनीबरोबर करार केला. आपण रंग बनवायचा, त्यांनी तो सुधारायचा. त्यांच्याकडून कर्णिकबाई आल्या. केमिस्ट्रीतल्या डॉक्टर, राहणार दादर, खांद्याला शबनम, डोळ्याला जाड चष्मा. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "प्रयोगात एक नियम. चांगला निघालेला नमुना परत बनवताना काही म्हणजे काही बदलायचं नाही. जे पहिल्यांदा केलं, तेच दुसऱ्यांदा. अगदी तसंच!"

आम्ही माना डोलावल्या.

शेडच्या कोपऱ्यात लॅब काढली. आता आमच्याकडे नवी खोली म्हटली की फादरना बोलवायचं. फादर आले, प्रार्थना म्हटली, चारी भिंतींवर पवित्र पाणी शिंपडलं. टेबलावर नमुन्यांचे डबे उघडे होते. त्यातल्या एकात दोन-तीन थेंब गेले.

कर्णिकबाईंचा चेहरा पांढरा. "फादर, याच्यात पाणी गेलं!"

फादर म्हणाले, "चांगलंच झालं की."

बाईंनी ढवळून पाहिलं. तेलाच्या रंगात दोन-तीन थेंबांनी काही होत नाही म्हणाल्या. पण नियम म्हणजे नियम. डब्यावर त्यांनी लिहून ठेवलं: 'नमुना चार. पवित्र पाणी, दोन-तीन थेंब.'

पहिल्या चाचणीत चांगला कुठला निघाला असेल? चार!

बाईंनी आठवडाभर तो नमुना परत परत तपासला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "रेमंड, नमुना परत बनवायचाय. फादर मोकळे आहेत का विचारशील?"

तेव्हापासून दर बॅचला फादर यायचे. सायकलवरून. एकदा बाप्तिस्मा होता म्हणून त्यांना उशीर झाला, तर बॉल मिल बंद करून आम्ही सगळे बाहेर उभे. इनासकाकांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "मला वाटलेलं रिसर्चमध्ये देवाचं काही काम नसतं."

बाई म्हणाल्या, "नसतंच. पण आता बदलता येत नाही!"

* * *

खरी चाचणी समुद्रात. लोखंडाच्या छोट्या पाट्यांना वेगवेगळे नमुने लावले, दोरीला बांधल्या आणि पाचूबंदरच्या धक्क्यावरून पाण्यात सोडल्या. एक पाटी मुद्दाम कोरी ठेवली, रंग न लावता. तुलना करायला. आता दोन महिने थांबायचं.

दोन महिन्यांनी पाट्या वर ओढल्या. चकाचक! एका पाटीवर शिंपला नाही, शेवाळ नाही. इनासकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी धक्क्यावरच माझा गाल ओढला आणि मला केक आणायला पिटाळलं. मी केक घेऊन आलो. धक्क्यावरच्या सगळ्यांना वाटला. मांजरालासुद्धा.

कर्णिकबाई केक न खाता पाट्या बघत उभ्या होत्या. शेवटची पाटी हातात घेतली. ती कोरी होती. तीही चकाचक.

"इनासभाई," त्या म्हणाल्या, "बिनरंगाची पाटीसुद्धा एवढी स्वच्छ राहत असेल, तर आपण रंग कशाला विकतोय?"

केकचा घास सगळ्यांच्या तोंडात तसाच राहिला.

तेवढ्यात मासे निवडत बसलेली सेसुबाय म्हणाली, "अगो बाय, मीच घासल्या त्या! परवा परवा वर ओढून बघितल्या. काय घान झालत्या! म्हटलं, गरिबाच्या पाट्या, कोन घासनार? काथ्या घेतला, राख घेतली, पार आरशासारख्या केल्या. पैसे नकोत हां."

दोन महिने गेले! इनासकाका दोरीच्या गुंडाळीवर बसले. कर्णिकबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग केक खाल्ला.

पाट्या परत सोडल्या. या वेळी बाईंनी सेसुबायला नीट समजावलं. कोणालाही हात लावू द्यायचा नाही, कोणालाही. सेसुबायनं ते मनावर घेतलं. पुढच्या वेळी बाई तपासणीला गेल्या, दोरीला हात घातला, तर सेसुबाय कोयता घेऊन उभी.

"हात नाय लावायचा! डॉक्टरीनबायनं सांगितलंय!"

"अहो, मीच ती डॉक्टरीणबाई!"

"तसं सगलेच सांगतात."

मी शेजारीच उभा होतो. सेसुबायनं मला विचारलं, "हीच काय रे ती?"

मी बाईंकडं नीट बघितलं. "चष्मा तसाच आहे," म्हटलं, "पण खात्री नाही देत."

त्या दिवशी तपासणी झाली नाही. बाई त्यानंतर मला थोडे दिवस 'मिस्टर रेमंड' म्हणत होत्या.

* * *

बाई पाट्या बघायला नेहमी त्याच दिवशी यायच्या, ज्या दिवशी पापलेटच्या होड्या लागायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "भरती-ओहोटीचा संबंध असतो." असेल. दादरचे कर्णिक आणि पापलेट यांचाही असतो.

अंधेरीला मात्र त्यांच्या साहेबांना शंका आली. यांच्या रिपोर्टांना वास कसला येतो? साहेब एक दिवस स्वतः तपासायला आले. सूट घालून! धक्क्यावर मासळीचा लिलाव जोरात होता. साहेब पाट्यांकडं जायला निघाले, मध्ये घोळीच्या टोपल्या लागल्या. साहेब थांबले. पुढे सरंगा होता. परत थांबले. पाट्यांपर्यंत पोचलेच नाहीत.

जाताना दोन्ही हातांत पिशव्या. बाईंना गंभीरपणे म्हणाले, "मिसेस कर्णिक, इथली निरीक्षणं आठवड्यातून दोनदा घ्यायला हवीत."

* * *

या सगळ्यात बिल्डरचा माणूस येतच होता. कमरेला मेजरिंग टेप लावलेला. आम्ही त्याला टेपवालाच म्हणायचो. तो आला की इनासकाका बॉल मिलच्या मागे जायचे. टेपवाला शेड मापायचा, विहीर मापायचा, केळी मापायचा. एकदा मी उभा होतो तर मलाही मापलं.

एक दिवस त्याचा टेप खेचायला मीच दुसरं टोक धरलं आणि शांतपणे म्हटलं, "घ्या मापून. पण एक सांगून ठेवतो. या जमिनीत आमचा रंग मुरलाय. हा रंग ज्याला लावतात त्याच्यावर शिंपलासुद्धा राहत नाही. माणसं कुठून राहणार?"

त्यानं टेप सोडला. सर्रकन आत गेला. माणूसही सर्रकन गेला. पंधरा दिवस फिरकला नाही. इनासकाकांनी मला चहा पाजला, शेडमध्ये सगळे दबकून हसत होते. वाटलं, सुटलो!

सोळाव्या दिवशी तो परत आला. टेप नव्हता. इकडं तिकडं बघून मला हळूच म्हणाला, "शेठनी विचारलंय, हा रंग चाळीच्या भिंतीला लावला तर जुने पागडीवाले भाडेकरू जातील का?"

आमच्या नव्या रंगाची पहिली चौकशी ती!

* * *

पाट्यांवर कोणी खरेदी करणार नव्हतं. खऱ्या होडीवर दाखवायला हवं होतं. इनासकाका रॉकी तांडेलकडं गेले. रॉकी म्हणाला, "माझी होडी काय शाळेची पाटी हाय?"

इनासकाका म्हणाले, "रॉकी, बस्त्यावला शब्द दिलाय मी. एकदा."

रॉकी विचार करत बसला. शेवटी म्हणाला, "अर्धी घ्या."

"अर्धी?"

"डावी बाजू तुमची. उजवीला मी माझा नेहमीचा रंग लावनार. तुमच्यामुळं बुडलो तर अर्धाच बुडेन."

कर्णिकबाईंना तर हे फारच आवडलं. "अशीच तुलना हवी! पण सीझन संपेपर्यंत बूड घासायचं नाही. कुठलीच बाजू नाही. वचन द्या."

रॉकीनं वचन दिलं. फादर येऊन नमुना चारची बॅच करून गेले. रंग लागला. होडी पाण्यात गेली.

मग नुसती वाट. रॉकी रोज समुद्रावर, इनासकाका रोज वाडीतून त्याच्या होडीच्या दिशेला तोंड करून उभे. मधे केळी, घरं, चर्च, किल्ला. दिसत काही नव्हतं. तरी उभे.

मे महिना आला. ऊन असं की पत्र्यावर अंडं तळावं. बस्त्यावकाका शेडमध्ये आले, बरोबर टेपवाला. टेप परत कमरेला होता. कर्णिकबाईही आल्या होत्या. पाट्यांचं म्हणाल तर एका वादळात दोरी तुटली होती. दाखवायला हातात काही नव्हतं. बस्त्यावकाका खुर्चीवर बसले, इनासकाका उभेच. बस्त्यावकाका काही बोलणार, तेवढ्यात रॉकी आत घुसला. खांद्याला फडकं बांधलेलं.

"काका, हा काय रंग दिला तुम्ही? होडी सरळ चालत नाय!"

इनासकाकांनी डोळे मिटले.

"सुकाणू जरा सैल सोडलं की वळते! बंदरातून निघून तोंड समुद्राकडं करतो, ही बया आपली अर्नाळ्याकडं! सुकाणू धरून धरून खांदा निखळला माझा. वर अर्नाळा माझी सासुरवाडी! गावात बोलतात, रॉकी रोज बायकोच्या माहेरी पलतो. सासू दोनदा कोंबडी कापून बसली!"

बस्त्यावकाकांनी भावाकडं बघितलं. टेपवाल्यानं टेपचं टोक बाहेर काढलं.

कर्णिकबाई पुढं आल्या. एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तांडेल, बंदरातून निघाल्यावर अर्नाळा कुठल्या हाताला?"

"उजव्या. लहान पोराला पन म्हाईत."

"म्हणजे उजवीकडं ओढते. आणि आपला रंग कुठल्या बाजूला?"

"डाव्या," इनासकाका म्हणाले. मग त्यांचं तोंड उघडं राहिलं.

आम्ही सगळे उठलो आणि टेपवाल्याच्याच जीपमधून पाचूबंदरला गेलो.

ओहोटी होती. होडी चिखलात कलती पडलेली. उजवी बाजू बघितली तर लाकूड दिसेना. शिंपल्यांवर शिंपले, वर शेवाळाची दाढी. जणू खडकच. मग सगळे चिखल तुडवत डावीकडं आलो. तांबडी, गुळगुळीत. एका बाजूला एवढं ओझं चिकटल्यावर होडी सरळ जाणार कशी?

बस्त्यावकाकांनी धोतर वर खोचलं, पुढं झाले आणि पुढून मागेपर्यंत त्या डाव्या बाजूवरून हात फिरवत गेले. हळूहळू. कुठं अडकला नाही हात. शेवटी तळहात उलटा करून बघितला.

"टेप गुंडाळ रे," म्हणाले.

इनासकाका चिखलात खालीच बसले. कर्णिकबाईंनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला. सेसुबाय धक्क्यावरून ओरडली, "मी नाय घासली हां! आधीच सांगते!" आणि मी, खरं सांगतो, कितीतरी महिन्यांनी पोटभर श्वास घेतला. बंदरावर घ्यायचा श्वास नव्हे तो, पण घेतला.

रॉकीनं दुसऱ्याच दिवशी दोन्ही बाजूंचा रंग नेला. सासू नाराज झाली म्हणे.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी शेड उघडली, तर बाहेर एक म्हातारा तांडेल बसलेला. अर्नाळ्याहून आला होता, पहाटेच निघून. इनासकाकांनी त्याला आत बसवलं, चहा दिला. कर्णिकबाईही होत्या. म्हाताऱ्यानं बशीतून चहा प्यायला, मिशी पुसली आणि म्हणाला, "रॉकीच्या होडीचं आईकलं. माझी होडी नवी होती तेव्हापासून डावीकडं ओढते. सुतार थकले. देवाला नवस झाले."

"मग काका," इनासकाका म्हणाले, "पूर्ण होडीला किती लागेल ते बघूया."

"पूर्ण नको," म्हातारा म्हणाला. "मला नुसता डाव्या बाजूचा द्या."

इनासकाकांनी बाईंकडं बघितलं. बाई छताकडं बघत होत्या. मग इनासकाका माझ्याकडं वळले.

"रेमंड, डाव्या बाजूचा एक डबा काढ."

मी आत गेलो आणि डाव्या बाजूचा एक डबा काढून दिला.